घोंगडीला कसर लागू नये म्हणून

गेल्या मे महिन्यात आटपाडीकडच्या एका गावी बीजप्रक्रियेच्या प्रात्यक्षिकाला गेलो होतो. काम आटोपून चहा घेत होतो, तोच घरच्या मावशींनी पत्र्याच्या पेटीतून सासऱ्यांची घोंगडी काढून पुढ्यात टाकली. दख्खनी मेंढीच्या काळ्या लोकरीची, सनगराने खड्ड्याच्या मागावर विणलेली. उजेडाला धरली तर नुसती चाळण!

“साहेब, डांबराच्या गोळ्या तर दरसाल टाकते. आता धान्यातली गोळी ठेवू का?”

मंडळी, हे ऐकून माझा चहा तसाच राहिला. धान्यातली ती गोळी ॲल्युमिनियम फॉस्फाइडची. हवेतल्या दमटपणाने तिच्यातून फॉस्फीन हा विषारी वायू सुटतो आणि त्यावर उतारा नाही. पेटी असते निजायच्या खोलीत, शेजारी लेकरे झोपलेली. कसरीपायी घरातली माणसे गमवायची काय? ती गोळी राहत्या घरात आणूच नये.

आता कसरीकडे वळू. फिकट सोनेरी पतंग उडताना दिसतो. तो काही खात नाही. खाते ती त्याची अळी. तिला अंधार आवडतो, घडीची जागा आवडते आणि त्याहून घामाचा, सांडलेल्या दुधाचा डाग आवडतो. लोकर, पीस, केस हे सारे तिला सारखेच, म्हणून बैलांचे लोकरी गोंडे आणि देवघरातला मोरपिसांचा कुंचाही सुटत नाही.

तेव्हा वस्तू मळकी ठेवू नये. घोंगडी धुतली की चिंचोक्याची खळ जाते म्हणून पुष्कळजण धूत नाहीत. निदान डाग तरी ओल्या फडक्याने पुसून खडखडीत वाळवावेत. मग कडक उन्हात दोन्ही बाजू तापवून, काठीने झोडून, काठाच्या शिवणी ब्रशने घासाव्यात. अंडी मागे राहतात, म्हणून दहा-पंधरा दिवसांनी हेच पुन्हा करावे. एकदाच करून सोडणाऱ्यांची घोंगडी पुन्हा पोखरली जाते.

घरी फ्रीज असेल तर कानटोपी, गोंडे, कुंचा अशा लहान वस्तू प्लॅस्टिकच्या पिशवीत हवा काढून घट्ट बांधाव्यात आणि बर्फाच्या कप्प्यात दोन आठवडे ठेवाव्यात. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नये, नाहीतर आत दव धरते. (घोंगडीसाठी डेअरीचा डीप फ्रीजर मागायला जाऊ नका. चेअरमन माझ्या नावाने ओरडतील.)

मावशींच्या डांबरगोळ्या का फसल्या? पेटीचे झाकण वाकडे, वास बाहेर जायचा. शिवाय गोळ्या तळाशी. हा वास हवेपेक्षा जड असतो, तो खाली उतरतो, म्हणून गोळ्या फडक्यात बांधून सर्वांत वर ठेवाव्यात. लहान मुले गोळी समजून तोंडात घालतात, तेव्हा पेटीला कुलूप हवेच. कडुलिंबाचा पाला मीही घालतो, पण तो आत शिरलेली अळी मारत नाही, आणि ओला घातला तर बुरशी येते.

त्या दिवशी घोंगडी अंगणात बाजेवर टाकून आम्ही झोडली. खाली पडलेल्या अळ्या कोंबड्यांनी टिपल्या. भोके मात्र सनगराकडूनच भरून घ्यावी लागतील.