टुटूचा घेर

रोमँटिक पंथ शिकवताना आम्ही कवितेपासून सुरुवात करतो आणि बहुधा कवितेपाशीच थांबतो. मध्यंतरी एका तासाला विषयांतर म्हणून 'ला सिल्फीद' या बॅलेचे चित्रमुद्रण वर्गात दाखवले. तास संपताना दोन प्रतिक्रिया आल्या. एका विद्यार्थिनीला तो पांढरा, झिरझिरीत घेर पाहून भाचीच्या वाढदिवसाचा फ्रॉक आठवला. दुसरीने ठामपणे सांगितले, की हा पोशाख म्हणजे पुरुषी नजरेची सोय आहे, त्याहून अधिक काही नाही. दोन्ही प्रतिक्रिया आम्हांला अपुऱ्या वाटल्या. पण वर्गात नीट उत्तर देता आले नाही. ते राहून गेलेले उत्तर इथे देण्याचा प्रयत्न करीत आहोत. आमच्यापैकी कुणीही बॅले शिकलेले नाही, हे आधीच सांगून टाकतो.

12 मार्च 1832 रोजी पॅरिसच्या ऑपेरात मारी ताल्योनी ही नर्तिका, तिच्याच वडिलांनी रचलेल्या 'ला सिल्फीद'मध्ये, वायुकन्या होऊन रंगमंचावर आली. उघडे खांदे, पाठीला चिमुकले पंख आणि पोटऱ्यांपर्यंत येणारा घंटेच्या आकाराचा पांढरा घेर. या पोशाखाचे श्रेय चित्रकार युजेन लामी यांना दिले जाते. पायाच्या बोटांच्या टोकांवर उभे राहण्याचे कौशल्य दिसावे एवढा तो तोकडा होता, आणि ते पाय हाडामांसाचे आहेत याचा विसर पडावा एवढा लांब. ऑपेरात 1822 सालापासून गॅसचे दिवे होते. त्यांची ज्योत कमीजास्त करता येई, आणि त्या मंद उजेडात पांढरे पातळ कापड चांदण्यासारखे दिसे. इंग्लंडात जॉन हीथकोट याने 1808-09च्या सुमारास जाळी विणणारे यंत्र तयार केले होते. यंत्रावरची ही जाळीच पुढे या घेराचा प्राण ठरली. रोमँटिक कल्पनेतली ती अशरीरिणी घडवण्यात कवींइतकाच गिरणीचा आणि गॅस कंपनीचाही हात होता, ही गोष्ट आपल्या टिपणवह्यांत सहसा येत नाही. 'जिझेल'च्या (1841) संहितेचा एक कर्ता तेओफिल गोत्ये हा कवी. ताल्योनीच्या यशानंतर रंगभूमीवर पांढऱ्या जाळीचा आणि मलमलीचा जो पूर आला, त्याविषयी त्यानेच थट्टेने लिहून ठेवले आहे.

'टुटू' हा शब्द मात्र नंतरचा, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातला. फ्रेंच कोशकार त्याची व्युत्पत्ती पार्श्वभागासाठी लहान मुले वापरतात त्या शब्दाकडे नेतात. एवढ्या स्वर्गीय वस्त्राचे नाव एवढे पार्थिव! दुसऱ्या विद्यार्थिनीचा मुद्दा इथे बळकट होतो. 1831 साली ऑपेराची सूत्रे हाती घेणाऱ्या व्हेराँ यांनी नर्तिकांच्या सरावाचे दालन धनाढ्य वर्गणीदारांसाठी खुले केले. देगाच्या चित्रांत पडद्याच्या कडेला उभ्या दिसणाऱ्या काळ्या कोटांतल्या व्यक्ती त्याच. 1881 साली त्याने चौदा वर्षांच्या नर्तिकेचे मेणाचे शिल्प मांडले, तेव्हा तिला कापडाचा खराखुरा टुटू नेसवला होता. त्यासाठी उभी राहिलेली मारी व्हान गोथेम ही एका धोबिणीची मुलगी. हे सारे खरे आहे आणि ते वर्गात सांगितलेच पाहिजे.

पण नजरेपाशीच थांबायचे, तर एम्मा लिव्रीचे काय करायचे? गॅसच्या उघड्या ज्योती आणि पातळ कापड यांचे वैर जुनेच होते. 1844 साली लंडनच्या ड्रुरी लेन नाट्यगृहात क्लारा वेब्स्टर ही तरुण नर्तिका प्रयोग चालू असतानाच पेटली आणि तीन दिवसांनी मरण पावली. फ्रान्समध्ये नोव्हेंबर 1859च्या सरकारी आदेशाने रंगमंचावरचे कपडे अग्निरोधक द्रावणात बुडवणे बंधनकारक झाले. या प्रक्रियेने कापड ताठ आणि मळकट होई. लिव्री ही ताल्योनीची लाडकी शिष्या. तिने ऑपेराच्या संचालकांना लेखी कळवले, की मी माझ्या नेहमीच्या घागऱ्यातच नाचेन आणि त्याची जबाबदारी माझी. 15 नोव्हेंबर 1862 रोजी एका तालमीच्या वेळी तिचा घेर दिव्यावर गेला. तेव्हा ती वीस वर्षांची होती. आठ महिने यातना सोसून जुलै 1863 मध्ये ती गेली. दोनच वर्षांपूर्वी ताल्योनीने खास तिच्यासाठी रचलेल्या बॅलेत ती फुलपाखरू झाली होती, आणि त्या फुलपाखराचे पंख मशालीवर जळतात. या योगायोगाचा पुढे फार गाजावाजा झाला. आम्हांला तो नकोसा वाटतो. माणसाचा मृत्यू त्यामुळे अलंकारात जमा होतो. तिच्या जळक्या पोशाखाचे उरलेसुरले तुकडे पॅरिसच्या ऑपेरा संग्रहालयात जपून ठेवलेले आहेत.

लिव्रीच्या नकाराचा अर्थ काय लावायचा, याविषयी आमच्यात एकमत नाही. आमच्यातील एकाचे म्हणणे असे, की जिचे पोट दिसण्यावर अवलंबून आहे अशा वीस वर्षांच्या मुलीच्या निवडीला निवड म्हणणे ही क्रूर थट्टा आहे. दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे, की ताठ कापड नाचणारीच्या मागे मागे उशिरा हलते, गिरकी थांबल्यावर त्याने हळूच खाली बसायचे असते ते बसत नाही, आणि हे तिला तिच्या संचालकांपेक्षा अधिक कळत होते. एवढे मात्र दोघांनाही मान्य आहे, की तिला केवळ नटवी ठरवणे अन्यायाचे आहे, केवळ बळी ठरवणेही तितकेच अपुरे आहे, आणि मूळ दोष त्या उघड्या ज्योतींचा होता.

पुढे घेर आखूड झाला, तो इटालियन नर्तिकांमुळे. व्हर्जिनिया झुक्की 1885 मध्ये रशियात गेली आणि तिने तिथल्या रिवाजापेक्षा तोकडा घागरा वापरला. पिएरीना लेन्यानीने 1895च्या 'स्वान लेक'मध्ये एका पायावर सलग बत्तीस गिरक्या घेतल्या. त्या लांब घेरात कुणाला दिसल्या असत्या? तोकड्या टुटूत गुडघा किंचित वाकला तरी लपत नाही. नजरेला जे हवे होते ते तिला मिळाले हे खरेच; पण त्याबरोबर तिला श्रम आणि कौशल्यही पाहावे लागले. विसाव्या शतकात घेर थाळीसारखा आडवा झाला, तेव्हा तर नृत्याचे व्याकरणच बदलले. हात सहज खाली सोडता येत नाहीत. सहनर्तकाला हातभर अंतर राखावे लागते आणि जिचा तोल तो सांभाळतो तिचे पाय त्याला नीट दिसत नाहीत. रूप आणि आशय यांच्या नात्यावर आपण इतके तास घेतो. याहून स्वच्छ उदाहरण आम्हांला तरी आठवत नाही.

ही थाळी सोपी नसते. जाळीचे दहा-बारा थर, प्रत्येक वेगळ्या रुंदीचा, चुण्या घालून एकावर एक शिवायचे, मग सैल टाक्यांनी आतून बांधायचे. टांगताना तो उलटा टांगतात. सरळ टांगला तर थर स्वतःच्याच वजनाने खाली झुकतात. वजनच नसल्याचा भास निर्माण करणाऱ्या वस्तूची ही कथा.

बंडखोरही त्यातून सुटले नाहीत. प्रत्येक नृत्याला सरसकट हाच पोशाख कशाला, असे विचारणाऱ्या फोकीनने अ‍ॅना पाव्हलोव्हासाठी मरणारा हंस रचला, तो टुटूतच. (पाव्हलोव्हा 1922-23च्या दौऱ्यात मुंबईलाही येऊन गेली.) न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये आर्थर मिचेल यांनी 1969 मध्ये कृष्णवर्णीय नर्तकांची संस्था उभारली. गुलाबी मोजे ही गोऱ्या कातडीची नक्कल आहे हे ओळखून, 1974 पासून तिथे मोजे आणि बूट प्रत्येकीच्या त्वचेच्या रंगात रंगवले जाऊ लागले. टुटू मात्र कुणी टाकून दिला नाही. त्याच वर्षी, त्याच शहरात 'ट्रोकाडेरो' ही मंडळी अवतरली. सगळे पुरुष, छातीवर केस, पापण्यांना भले थोरले रंगकाम आणि कमरेला पांढरा टुटू. प्रेक्षक हसतात, आणि हसावे अशीच त्यांची इच्छा असते. मग त्यांतला एक जण लेन्यानीच्या त्या गिरक्या सुरू करतो. आठ-दहा होईपर्यंत हशा चालू राहतो. पुढे लोक मोजू लागतात.

आता वर्गात हेच चित्रमुद्रण लावायचे ठरवले आहे. पुरुषी नजरेचा मुद्दा मांडणाऱ्या विद्यार्थिनीला पहिल्या बाकावर बसवणार आहोत.