बिडी सोडताना ‘वाफेचे यंत्र’ कोणते घ्यावे?

‘डॉक्टरसाहेब, बिडी सोडायची आहे. वाफेच्या यंत्रांपैकी नवख्या माणसाला चांगले कोणते?’ हा प्रश्न अलीकडे दवाखान्यात वरचेवर येऊ लागला आहे. विचारणाऱ्यांचे ढोबळमानाने दोन वर्ग पडतात. पहिला वर्ग लोहा, कंधार, अहमदपूर या पट्ट्यातून येणाऱ्या चाळिशी-पन्नाशीच्या गृहस्थांचा. वीस-पंचवीस वर्षे बिडी ओढलेली, सकाळचा खोकला पाठ सोडत नाही, आणि पुण्यात नोकरीला असलेल्या मुलाने ‘बाबा, हे वापरा, याने सुटते’ असे फोनवरून सांगितलेले असते. दुसरा वर्ग लातूर-नांदेडला शिकवणी वर्गांसाठी खोली करून राहणाऱ्या मुलांचा. ही मुले स्वतःहून काही विचारत नाहीत. बहुधा आईच दप्तरात सापडलेली पेनासारखी वस्तू माझ्या टेबलावर ठेवते आणि ‘हे काय आहे?’ असे विचारते.

वाचकहो, आधी कायद्याची बाजू पाहू. १८ सप्टेंबर २०१९ रोजी केंद्र सरकारने अध्यादेश काढून ई-सिगारेटवर बंदी घातली आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये तिचा कायदा झाला. उत्पादन, आयात, वाहतूक, विक्री, साठा आणि जाहिरात या सर्वांना मनाई आहे. पहिल्या गुन्ह्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि पुन्हा केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद व पाच लाखांपर्यंत दंड अशी तरतूद आहे. ‘यात निकोटिन नाही, नुसता फळाचा स्वाद आहे’ हा दुकानदाराचा युक्तिवाद टिकत नाही, कारण कायद्याच्या व्याख्येत निकोटिन असलेली आणि नसलेली अशी दोन्ही उपकरणे येतात. ओढणाऱ्यासाठी वेगळे शिक्षेचे कलम नसले, तरी जी वस्तू सरळ मार्गाने विकताच येत नाही ती सरळ मार्गाने विकत तरी कशी घेणार?

कायदा आहे म्हणून गप्प बसा, एवढेच सांगून मी हा विषय मिटवू इच्छित नाही. मुलाने बाबांना सांगितले त्यात तथ्याचा अंश आहे. इंग्लंडमध्ये सुमारे नऊशे धूम्रपान करणाऱ्यांवर झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, ई-सिगारेट दिलेल्यांपैकी १८ टक्के लोक वर्षअखेरीस सिगारेटपासून दूर होते; निकोटिनचे च्युइंगगम, पट्टी इत्यादी दिलेल्यांमध्ये हे प्रमाण सुमारे १० टक्के होते. जळणाऱ्या तंबाखूच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड आणि डांबर असते, वाफेत ते जवळपास नसते, हेही खरे. ब्रिटनची आरोग्यसेवा म्हणूनच प्रौढ धूम्रपान करणाऱ्यांना हा मार्ग सुचवते. परंतु त्याच चाचणीतला दुसरा आकडा सहसा कोणी सांगत नाही. वाफेच्या मदतीने ज्यांची सिगारेट सुटली, त्यांपैकी ८० टक्के लोक वर्षानंतरही वाफ ओढतच होते. च्युइंगगम-पट्टीच्या गटात असे लोक केवळ ९ टक्के होते. सिगारेट सुटली, निकोटिन मात्र सुटले नाही.

शिवाय ब्रिटनमधील उपकरण आणि आपल्याकडे चोरवाटेने आलेले उपकरण यांत मोठे अंतर आहे. तेथे द्रवात निकोटिन किती असावे यावर एका मिलिलिटरला २० मिलिग्रॅमची मर्यादा आहे आणि वेष्टनावर ते छापावे लागते. आपल्या हाती पडणाऱ्या वस्तूवर जे छापलेले असते त्याची खातरजमा करणारी कोणतीही यंत्रणा नाही. वस्तूच बेकायदा, तर तपासणार कोण? २०१९ मध्ये अमेरिकेत वाफ ओढणाऱ्यांच्या फुप्फुसांना अचानक गंभीर इजा होण्याची साथ पसरली. फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०० हून अधिक लोक रुग्णालयात दाखल झाले आणि ६८ दगावले. दोष प्रामुख्याने काळ्या बाजारातील गांजाच्या अर्काच्या द्रवात मिसळलेल्या ई-जीवनसत्त्वाच्या एका तेलकट संयुगाचा निघाला. आपल्याकडे तर सगळाच बाजार काळा. म्हणून ‘चांगले यंत्र कोणते’ या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. बिडी सोडण्यासाठी चांगले साधन कोणते, या प्रश्नाला मात्र आहे, आणि ते औषधाच्या दुकानात उघडपणे मिळते.

निकोटिनचे च्युइंगगम, चघळायच्या गोळ्या आणि त्वचेवर चिकटवायची पट्टी ही ती साधने. तत्त्व सोपे आहे. तलफ निकोटिनची असते, कर्करोग आणि हृदयविकार प्रामुख्याने धुराने होतात. शरीराला थोडे निकोटिन स्वच्छ मार्गाने द्यायचे, हाताची व तोंडाची सवय मोडायची, आणि तीन महिन्यांत ते निकोटिनही कमी करत न्यायचे. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्येच या उपचाराचा आवश्यक औषधांच्या सूचीत समावेश केला.

‘गम खाऊन पाहिले साहेब, काही उपयोग झाला नाही’ असे सांगणारे पुष्कळ भेटतात. त्यांना मी ‘कसे खाल्ले?’ एवढेच विचारतो, आणि दहापैकी आठ वेळा दोष खाण्याच्या पद्धतीत निघतो. हे गम पेपरमिंटसारखे भराभर चावायचे नसते. सावकाश दहा-पंधरा वेळा चावावे. तिखट चव आली किंवा तोंडात झिणझिण्या जाणवल्या की थांबावे आणि गम गाल व हिरडी यांच्यामध्ये ठेवून द्यावे. चव गेली की पुन्हा थोडे चावावे आणि बाजू बदलून ठेवावे. असे अर्धा तास चालते. निकोटिन गालाच्या आतल्या अस्तरातून रक्तात जाते. भराभर चावून लाळ गिळली तर ते पोटात जाते, तेथे फारसे कामी येत नाही आणि उचकी, छातीत जळजळ, मळमळ तेवढी पदरी पडते. दुसरी चूक चहाची. चहा, कॉफी, लिंबूसरबत यांनी तोंडात आम्लता वाढते आणि निकोटिन शोषले जात नाही. म्हणून गम घेण्यापूर्वी पंधरा मिनिटे आणि ते तोंडात असताना पाण्याखेरीज काही घेऊ नये. आपल्याकडे चहा आणि बिडी ही जोडीच असल्याने, चहा संपताच गम तोंडात टाकणारे अनेक आहेत. त्यांचे पैसे वाया जातात.

तिसरी चूक कमी घेण्याची. उठल्यापासून अर्ध्या तासाच्या आत पहिली बिडी लागत असेल, तर अवलंबित्व जास्त समजावे आणि ४ मिलिग्रॅमचे गम डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावे; एरवी २ मिलिग्रॅमचे पुरते. पहिले सहा आठवडे दर एक-दोन तासांनी एक, पुढील तीन आठवडे दोन ते चार तासांनी, शेवटचे तीन आठवडे चार ते आठ तासांनी, असा क्रम असतो. दिवसाला दोनच गम खाऊन वीस बिड्यांची तलफ भागेल, ही अपेक्षा व्यर्थ आहे. ज्यांच्या दाढा गेल्या आहेत किंवा कवळी आहे त्यांनी गमच्या मागे लागू नये. चघळायची गोळी किंवा पट्टी बरी.

पट्टी रोज एक, अंगावरील केस नसलेल्या कोरड्या जागी, रोज जागा बदलून लावावी. दिवसाला दहापेक्षा अधिक सिगारेट ओढणाऱ्यास सहसा २१ मिलिग्रॅमपासून सुरुवात करतात आणि १४ व ७ अशी उतरत्या क्रमाने नेतात. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपुढे जातो, शेतात घामाने पट्टी सुटते. तेव्हा ती सकाळी अंघोळीनंतर त्वचा नीट पुसून, दंडावर किंवा पाठीच्या वरच्या भागात तळहाताने दाबून बसवावी. विचित्र स्वप्ने पडत असतील तर रात्री काढून ठेवावी. पट्टी कायम आणि तलफ आली की वरून गम, असा जोड उपाय एकट्या साधनापेक्षा अधिक परिणामकारक असतो. हृदयविकाराचा झटका नुकताच येऊन गेलेल्यांनी आणि गर्भवतींनी हे मनाने सुरू करू नये. व्हॅरेनिक्लिन आणि ब्युप्रोपिऑन या गोळ्याही उपयुक्त आहेत, पण त्या डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच. फिट येण्याचा आजार असलेल्यांना ब्युप्रोपिऑन चालत नाही.

आता ज्या गोष्टी औषधाच्या वेष्टनावर छापलेल्या नसतात त्या सांगतो. बिडीशिवाय पोट साफ होत नाही, ही आपल्या ग्रामीण भागातील सर्वांत मोठी अडचण आहे. त्यात लाजण्यासारखे काही नाही. निकोटिनने आतड्यांची हालचाल वाढते आणि ते बंद झाले की काही आठवडे बद्धकोष्ठता होते. रात्री इसबगोल, सकाळी दोन पेले कोमट पाणी, जेवणात पालेभाजी आणि ज्वारीची भाकरी एवढ्याने बहुतेकांचे भागते. केवळ या कारणाने पाचव्या दिवशी पुन्हा बिडी पेटवणारे मी पाहिले आहेत. दुसरे, दम्यासाठी थिओफायलिनच्या गोळ्या चालू असतील तर बिडी सोडल्याचे डॉक्टरांना अवश्य सांगावे. धुरामुळे हे औषध शरीरातून लवकर निघून जात असते; धूर थांबला की त्याची रक्तातील पातळी वाढते आणि मात्रा कमी करावी लागते.

तिसरी गोष्ट सर्वांत घातक. बिडी सुटली म्हणून आनंदाने सांगणाऱ्याच्या खिशात चुन्याची डबी निघते! २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातील धूम्रपान करणारे प्रौढ ३.८ टक्के आढळले, तर धूररहित तंबाखू वापरणारे २४.४ टक्के. आपल्या भोवतालच्या दर चौघांत एकाकडे तंबाखू, मशेरी किंवा खर्रा असतो आणि तो मोठ्या प्रेमाने पुढेही करतो. फुप्फुस वाचवून तोंडाचा कर्करोग ओढवून घेणे, हा कसला सौदा? पहिला महिना पानटपरीवरचा चहा टाळावा, हे मी एवढ्यासाठीच सांगतो.

तलफ पहिल्या तीन-चार दिवसांत सर्वांत तीव्र असते आणि दोन ते चार आठवड्यांत ओसरते. एकेक झटका काही मिनिटांचाच असतो. त्या काळात घरातील माणूस चिडचिड करतो, रात्री जागतो, भाजीत मीठ कमी आहे म्हणून ताट सरकवतो. घरच्यांनी त्या पंधरवड्यात त्याला शिकवू नये, मोजदादही करू नये. मध्येच एखादी बिडी ओढली गेली तर ‘झाले का पुन्हा सुरू?’ हे वाक्य गिळावे. सुटायला पाच-सहा प्रयत्न लागणे ही नेहमीची गोष्ट आहे. बोलायला कोणी हवे असेल तर १८००-११-२३५६ या राष्ट्रीय तंबाखूमुक्ती दूरध्वनीवर विनाशुल्क समुपदेशन मिळते. हा क्रमांक तंबाखूच्या पाकिटांवरील इशाऱ्यातच छापलेला असतो.

राहिली ती शिकवणीची मुले. यांपैकी बहुतेकांनी कधी सिगारेटही ओढलेली नसते. त्यांना कशाचीच सोडवणूक करायची नसते, उलट नव्याने गुंतायचे असते. रात्रीचा अभ्यास, घरापासून दूरची खोली, परीक्षेची धास्ती आणि आंब्याच्या चवीची, वास न येणारी वाफ. अशा मुलाला ‘तू आमचे नाव घालवलेस’ म्हणण्यापूर्वी तो सकाळी उठल्यावर किती वेळात ते ओढतो, हे शांतपणे विचारा. उत्तर ‘लगेच’ असे आले, तर तो केवळ खोड्या करीत नाही, त्याला उपचार हवा आहे. त्याला घेऊन या, आणि बोलताना पाच मिनिटे आपण बाहेर बसा. त्याच्याकडील द्रवाची बाटली मात्र घरी आणून कपाटात ठेवू नका. त्यातले निकोटिन तीव्र असते. घरातील लहान मुलाने थोडे जरी चाखले तरी उलट्या, घाम आणि झटके येऊ शकतात. तसे झाल्यास उलटी करवण्यात वेळ न घालवता मूल आणि बाटली दोन्ही घेऊन तडक रुग्णालय गाठावे; अंगावर सांडले असेल तर कपडे उतरवून त्वचा भरपूर पाण्याने धुवावी.