कायम नंबर दोन

अप्रेझलचं पत्र हातात पडतं. रेटिंग चांगलं, इन्क्रिमेंटही ठीकठाक. पण प्रमोशन मात्र शेजारच्या क्युबिकलमध्ये! अशा संध्याकाळी मला हॉलंडचा सायकलपटू योप झूटेमेल्क आठवतो. आडनावाचा अर्थ चक्क 'गोड दूध'.

१९४६चा जन्म, सुरुवातीला सुतारकाम करायचा. १९६८च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये त्याने टीमबरोबर गोल्ड जिंकलं. १९७०मध्ये पहिलीच 'टूर द फ्रान्स' आणि थेट दुसरा नंबर! पुढच्या वर्षी पुन्हा दुसरा. दोन्ही वेळा पुढे बेल्जियमचा एडी मर्क्स. तेव्हा एक जोक फिरायचा - योप उन्हात काळवंडत नाही, कारण तो कायम मर्क्सच्या सावलीत असतो.

१९७४मध्ये तो रेसमध्ये उभ्या कारवर आदळला. कवटी फुटली, नंतर मेनिंजायटिस. जिवावरचंच दुखणं. तरी १९७५च्या टूरला गडी हजर! तोवर मर्क्सचा जमाना सरत आला होता, पण लवकरच फ्रान्सचा बर्नार्ड इनो आला. योप पुन्हा दुसराच. असं एकूण सहा वेळा. तो काही संत नव्हता. १९७९मध्ये डोपिंगमध्ये सापडला आणि दहा मिनिटांची पेनल्टी बसली.

मग आली १९८०ची टूर. सगळ्यांत पुढे असलेल्या इनोचा गुडघा दुखावला आणि त्याने रेस सोडली. झूटेमेल्क जिंकला. 'इनो नव्हता म्हणून' असं म्हणणारे निघालेच. ऑफिसातही निघतात - 'तो सोडून गेला म्हणून तुला चान्स मिळाला.' अरे, पण तीन आठवडे डोंगर चढत रेसमध्ये टिकून राहणं, हेही कामच ना? गुडघा सांभाळणं हासुद्धा रेसचाच भाग. योप १६ वेळा टूरला उतरला आणि सोळाही वेळा शेवटपर्यंत पोचला.

खरी मजा पुढे आहे. १९८५, इटली, वर्ल्ड चॅम्पियनशिप. योप ३८ वर्षांचा. शेवटी सगळे फेव्हरिट एकमेकांकडे बघत बसले आणि हा गुपचूप सटकला. ग्रेग लेमाँड दुसरा! या वेळी 'कोणी नव्हतं म्हणून' म्हणायची सोयच उरली नाही.

तेव्हा ते पत्र ड्रॉवरमध्ये टाका. चिडा, एक कटिंग मारा. पण नंबर दोनवर आहात म्हणून लगेच राजीनामा टाइप करू नका. आधी गुडघे तपासा. ते शाबूत असतील, तर रेस अजून बाकी आहे, बॉस!