ओठावरचे खळगे आणि ग्रहणाचा दोष

वऱ्हाडात दुभंगलेल्या ओठाचे मूल जन्मले की पहिली विचारणा बाळंतिणीकडे होते : ग्रहणात विळीवर काही चिरले होते काय? गरोदरपणी ग्रहणकाळात चिरले-कापले तर तो घाव गर्भाच्या ओठावर उमटतो, ही समजूत अमरावती-अकोल्याच्या खेड्यांत आणि शहरांतही टिकून असून तिचा सगळा भार एका बाईच्या माथी येतो. ही समजूत गर्भाच्या वाढीच्या क्रमापुढे उभीच राहत नाही. वरचा ओठ गर्भाच्या चौथ्या ते सातव्या आठवड्यात, चेहऱ्याचे दोन्ही बाजूंचे उंचवटे मध्याकडे सरकून जुळल्याने तयार होतो; त्या वेळी पुष्कळ घरांत दिवस गेल्याची बातमी सासूपर्यंतही पोहोचलेली नसते. ग्रहण कडकपणे पाळायला लावतात ते पोट दिसू लागल्यावर, म्हणजे ओठ जुळायचा तो जुळून, किंवा तसाच राहून, महिने उलटल्यावर.

बहुतेक दुभंग ओठ एकटेच आढळतात आणि त्यांमागे अनेक कारणे गुंतलेली असतात. काही मात्र संलक्षणाचा, म्हणजे एकाच मुळातून निघून एकत्र दिसणाऱ्या लक्षणांच्या समूहाचा, भाग असतात. १९५४ मध्ये ॲन व्हॅन डर वूड यांनी वर्णन केलेल्या संलक्षणात खालच्या ओठावर, मध्यरेषेच्या दोन्ही अंगांना, टाचणीने टोचल्यासारखे बारीक खळगे असतात. ज्याच्या अंगी हा जनुकदोष आहे त्याच्या प्रत्येक अपत्यात तो उतरण्याची शक्यता निम्मी असते. परंतु एका पिढीत नुसते खळगे दिसून पुढच्या पिढीत ओठ किंवा टाळू दुभंगू शकते, म्हणून घराण्याला हा धागा दिसत नाही.

संलक्षण ओळखण्यावर एक आक्षेप सुशिक्षितांचा असतो : मूळ दोष बरा होत नसेल तर नाव कळून काय उपयोग? याचे उत्तर १९५१ मध्ये वार्डेनबर्ग यांनी वर्णन केलेल्या संलक्षणात आहे. कपाळावर पांढरी बट आणि एक किंवा दोन्ही डोळे लख्ख निळे, असे बाळ घरात कौतुकाचा विषय होते. पण केसांना व डोळ्यांना रंग देणाऱ्या पेशी आतल्या कानालाही लागतात, आणि त्या तेथे नसल्या तर मूल बहिरे जन्मते. बट पाहताच कानांची तपासणी झाली तर श्रवणयंत्र व भाषाशिक्षण पहिल्याच वर्षी सुरू होते. न झाली तर मूल उशिरा बोलेल म्हणून दोन-तीन वर्षे वाट पाहिली जाते. डाउन संलक्षणाच्या बाळांपैकी जवळपास निम्म्यांना हृदयदोष असतो. त्यांच्या बाबतीत नाव कळणे म्हणजे हृदयाची इको तपासणी वेळेवर होणे. अर्थात डाउनचे लक्षण मानली जाणारी तळहातावरची एकच आडवी रेष धडधाकट माणसांतही सापडते, तेव्हा सुट्या लक्षणावरून शिक्का मारणे हीदेखील अंधश्रद्धाच होय.

असे मूल जगून काय करणार, या प्रश्नाला अचलपूर तालुक्यातील वझ्झरने केव्हाच उत्तर दिले आहे. तेथे शंकरबाबा पापळकर यांनी टाकून दिलेल्या १२३ दिव्यांग मुलांना आपले नाव दिले, आणि त्यांतील एक दृष्टिहीन मुलगी राज्य लोकसेवा आयोगाची परीक्षा उत्तीर्ण झाली.

२०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाड्यांत व शाळांत जन्मजात व्यंगे तपासतात. दुभंग ओठाच्या बाळासोबत आलेल्या आईबापांचे खालचे ओठही तेथेच उजेडात नीट पाहावेत. त्याला यंत्र लागत नाही. खळगे बापाच्या ओठावरही निघतात, आणि कधी त्याच्या आईच्याही.