पोळी सोडण्यापूर्वीं

एका भगिनीनें आम्हांस विचारिलें आहे कीं, घरांतील १४ वर्षांच्या मुलीचा पांडुरोग लोहाच्या गोळ्यांनीं हटत नाहीं. पोटाची तक्रार तर मुळींच नाहीं, तरीहि डॉक्टर सीलियाक रोगाची तपासणी सुचवितात, हें कसें? सासूबाईंचें मत पडतें कीं, आधीं महिनाभर पोळी बंद करून पाहावें.

गहूं, जव व राय या धान्यांत ग्लूटेन नांवाचें प्रथिन असतें. कांहीं जणांच्या शरीराची संरक्षक शक्ति त्यामुळें स्वतःच्याच लहान आंतड्यावर उलटते आणि अन्नरस शोषणारे सूक्ष्म अंकुर झिजतात. १८८८ सालीं लंडनच्या डॉ. सॅम्युअल गी यांनीं या रोगाचें वर्णन केलें. दोष गव्हाकडे आहे, हें हॉलंडच्या डॉ. डिके यांनीं १९५० च्या आपल्या प्रबंधांत मांडलें.

अतिसार, वजन घटणें, मुलांची वाढ खुंटणें हें रोगाचें ठळक रूप. परंतु २०१३ सालीं प्रसिद्ध झालेल्या ऑस्लो व्याख्यांत आणखीहि रूपें सांगितलीं आहेत. अतिसाराविना केवळ पांडुरोग दिसतो, तें अ-ठळक रूप. बाहेरून कांहींच न जाणवणारें, तें सुप्त. रक्तांत खुणा आहेत पण आंतडें शाबूत आहे, तें संभाव्य. आणि वर्षभर कडक पथ्य पाळूनहि आंतडें सुधारत नाहीं व त्रास राहतो, तें दुःसाध्य. आमच्या भगिनीच्या कन्येविषयीं डॉक्टरांस शंका आहे ती दुसऱ्या रूपाची.

निदानासाठीं प्रथम रक्तांतील टीटीजी प्रतिद्रव्य पाहतात, व त्याबरोबर एकूण आयजीए; कारण तें मूळचेंच कमी असल्यास पहिली तपासणी फसवी ठरते. नंतर दुर्बिणीनें आंतड्याचे सूक्ष्म तुकडे काढून तपासतात. मुलांत टीटीजीचें प्रमाण मर्यादेच्या १० पट वा अधिक असून रक्ताच्या दुसऱ्या नमुन्यांतहि निराळी खूण मिळाली, तर २०२० च्या युरोपीय नियमांप्रमाणें तुकडा न काढतांहि निदान करतां येतें.

मात्र या सर्व तपासण्या गहूं आहारांत असेल तरच खऱ्या बोलतात. आधींच पोळी सोडली तर प्रतिद्रव्यें उतरतात, अंकुर भरूं लागतात, आणि रोग असूनहि ‘नाहीं’ असें उत्तर येतें. म्हणून सासूबाईंचा हेतु कितीहि मायेचा असला, तरी तो उपाय आज नको.

निदान ठरलें तर मात्र पथ्य जन्माचें. सणाची एक पुरणपोळीहि चालणार नाहीं. तेव्हां वडील मंडळींनीं आग्रह आवरावा. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ आपल्या घरांत आहेतच. फक्त पीठ गव्हाच्या चक्कीवर दळूं नये, आणि बाजारच्या हिंगांत कणीक मिसळलेली नाहीं ना, हें पाहावें. आजीच्या हातची भाकरीच त्या मुलीचें औषध ठरेल. पण तपासणी झाल्यावर, आधीं नव्हे.