दारू सुटल्यानंतरचे तीन दिवस

दारू सुटली की माणूस सुधारला, अशी आपल्या समाजाची समजूत आहे. ती खोटी नाही, अपुरी आहे. वर्षानुवर्षे रोज भरपूर पिणाऱ्याने एकाएकी पेला खाली ठेवला, तर त्याच घटकेपासून त्याच्या प्राणांवर संकट येऊ शकते. हे वैद्यकशास्त्रास ठाऊक आहे, घराघरांत ठाऊक नाही. आणि चिखलदऱ्याहून अमरावतीची मोठी रुग्णालये घाटाखाली सुमारे ८० किलोमीटर दूर असल्याने, तेथे हे अज्ञान जिवावर बेतते.

मद्य मेंदूस मंद करते. मेंदू त्याशी झुंजत स्वतःला सतत चेतविण्यास शिकतो. मद्य अकस्मात थांबले की लगाम जातो आणि उधळलेला घोडा तेवढा उरतो. सहा-आठ तासांत हात कापू लागतात, घाम सुटतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फेफऱ्यासारखे झटके येऊ शकतात. पुढे, बहुधा दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान, काहींचे स्थळकाळाचे भान हरपते. अंथरुणावर नसलेले किडे दिसतात, ताप चढतो, नाडी धावते. थॉमस सटन या इंग्रज वैद्याने १८१३ साली या अवस्थेस ‘डिलिरियम ट्रेमेन्स’, म्हणजे कंपयुक्त भ्रम, असे नाव दिले. पूर्वी उपचारांवाचून यात सुमारे तिघांत एक दगावत असे. वेळीच उपचार झाल्यास हे प्रमाण शंभरात पाचांच्याही खाली येते.

म्हणजे सारे निदानावर येऊन ठेपते. आणि तेथेच घोटाळा होतो. मेळघाटात ताप व बरळणे दिसले की कोणी हिवताप म्हणतो, कोणी भुमकाकडे नेतो. शहरातील पांढरपेशा घरात दारूचे नावच लपविले जाते. पाय मोडून रुग्णालयात गेलेला गृहस्थ तिसऱ्या दिवशी बडबडू लागला की सारे चकित होतात! याउलट, ‘पिणारा आहे’ एवढे ऐकून डोक्याचा मार, रक्तातील साखरेची घट, मेंदूज्वर किंवा खरोखरचा हिवताप नजरेआड करणे हीही तितकीच घातक चूक होय. म्हणून प्रत्येक रुग्णाच्या आप्तांस, न रागावता, एक प्रश्न विचारलाच पाहिजे: शेवटचे मद्य केव्हा घेतले? भान तपासणारे प्रश्नही कोरकू रुग्णास कोरकूतच विचारले जावेत. परक्या भाषेत अडखळणाऱ्यास भ्रमिष्ट ठरविणे हे निदान नव्हे.

वर्ध्यात १९७४ साली व गडचिरोलीत १९९३ साली दारूबंदी झाली. चंद्रपुरात २०१५ साली झाली व २०२१ साली उठली. मार्च २०२० च्या टाळेबंदीत तर साऱ्या देशातील दुकाने एका रात्रीत बंद झाली. प्रत्येक वेळी महसूल व नीती यांवर वाद रंगला. दुसऱ्या दिवशी ज्यांचे हात कापू लागतील त्यांनी जावे कोठे, हा प्रश्न मात्र वादात क्वचितच आला. वास्तविक २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मद्याच्या दुरुपयोगाशी निगडित मानसिक अवस्था आजारांतच गणल्या आहेत.

आमची मागणी मोठी नाही. डोंगरातील प्रत्येक आरोग्य केंद्रात डायझेपामसारखे औषध व थायमिनची इंजेक्शने सदैव असावीत. ग्लुकोज चढविण्यापूर्वी थायमिन देण्याचा नियम पाळला जावा. आणि आशा सेविकांस ही लक्षणे शिकविली जावीत. कुटुंबांनीही रोज पिणाऱ्यास कोंडून ‘सोडविण्याचा’ हट्ट धरू नये. आधी डॉक्टरांस दाखवावे. व्यसन सोडण्याचा निश्चय करणाऱ्या माणसास निश्चयाच्या तिसऱ्याच दिवशी मृत्यू यावा, यासारखी दुसरी क्रूर थट्टा नाही.