किल्ल्यावरची माणसं कुठं गेली?

दिवाळीत संध्याकाळी फिरायला निघाले की मी पोरांचे किल्ले बघत जाते. जुनी सवय आहे, मास्तरकी सुटली तरी ती सुटली नाही. आमच्या पळसदरीला मागं खरे डोंगर उभे, राजमाची, सोंडाई हाकेच्या अंतरावर, आणि पुढं अंगणाअंगणातून मातीचे, गोणपाटाचे, अळीव पेरलेले किल्ले. दृश्य मोठं गोड असतं. पण गेल्या दिवाळीत एक गोष्ट खटकली आणि ती अजून डोक्यातून जात नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

पाच किल्ले पाहिले. पाचांवर मिळून चाळीसेक चित्रं असतील. (किल्ल्यावरच्या मूर्तींना आम्ही चित्रंच म्हणतो.) महाराज सोडले तर बाकी सगळे मावळे! तेही एकाच पवित्र्यातले: उजव्या हातात उगारलेली तलवार, डाव्या हातात ढाल, भुवया चढलेल्या. जणू चाळीस जुळे भाऊ.

आमच्या लहानपणी असं नव्हतं हो. मावळे होतेच, पण पायथ्याशी तागडी घेऊन बसलेला वाणी होता. डोक्यावर चरवी घेतलेली गवळण होती, भाजीवाली होती, बैलजोडीसह शेतकरी होता, कुस्ती खेळणारे दोन पैलवान होते, गुहेत वाघ होता. वाणी मावळ्याच्या दुप्पट असायचा आणि वाघापेक्षा गवळण उंच, पण त्याचं कोणाला काही वाटत नसे. किल्ला म्हणजे गाव होतं.

मग ही माणसं गेली कुठं? कोणी म्हणेल, काळ बदलला. मी म्हणते, साचा बदलला. चित्र कसं तयार होतं ते बघा, म्हणजे कळेल.

मातीच्या चित्राचा साचा दोन भागांचा असतो. कारागीर आधी हातानं मूळ नमुना घडवतो, त्यावरून साचा घेतो. दोन्ही भागांत माती दाबायची, पातळ मातीच्या लेपानं जोडायची, वाळली की सांध्याची रेघ घासून काढायची. मग पांढरा हात, मग रंग आणि शेवटी डोळ्यांची आखणी. आमच्या जिल्ह्यात पेणला किंवा हमरापूर-जोह्याला गणपतीच्या कारखान्यात गेलात तर हीच रीत मोठ्या मापात दिसेल. मातीचा हात बारीक केला तर तुटतो, म्हणून जुन्या चित्रांचे हात अंगाला चिकटलेले असत. अशा मातीला बसलेला वाणी सोपा, डोक्यावर हात धरलेली गवळण सोपी. आणि साचा स्वस्त, त्यामुळे कुंभाराला वाटलं की तो नवा करी. एका मोसमात वासुदेव, पुढच्या मोसमात पोस्टमन. आखणी हातानं, म्हणून एकाच साच्यातल्या दोन गवळणींची नजर वेगळी.

पुढं रबरी साचा आला. त्यात प्लास्टर ओतलं की दहा-पंधरा मिनिटांत घट्ट होतं, रबर सोलून काढायचं की नग तयार. रबर वाकतं, त्यामुळे उगारलेला हातही निघू लागला. आणि प्लास्टिकच्या चित्राला तर पोलादी साचा लागतो. त्याची किंमत लाखांत. तो खर्च भरून यायचा तर एकच नग लाखांच्या संख्येत खपायला हवा. आता सांगा, एवढे पैसे घालून भाजीवालीचा साचा कोण करील? जो सगळीकडे हमखास खपतो तोच साच्यात जातो. किल्ल्यावर कोणी राहायचं हे आता इतिहास ठरवत नाही, साच्याचा खर्च ठरवतो.

लगेच कोणी चीनला बोल लावील. २०२० साली खेळण्यांवरचं आयात शुल्क २० टक्क्यांवरून ६० वर नेलं, २०२३ मध्ये ७० वर. १ जानेवारी २०२१ पासून प्रमाणपत्राची सक्तीही आली. चांगलंच झालं. पण साचा देशी झाला म्हणून भाजीवाली परत आली का? नाही. आणि चीनचंच म्हणाल, तर १९७४ साली शिआन शहराजवळ विहीर खणताना त्यांच्या पहिल्या सम्राटाच्या कबरीजवळचं भाजलेल्या मातीचं सैन्य सापडलं. हजारो सैनिक, अवयव साच्यातले, पण चेहरे हातानं फिरवून वेगळे केलेले. शिवाय तिथं कारकून निघाले, डोंबारी निघाले, वादक निघाले. साऱ्या राज्यांना जिंकणाऱ्या त्या सम्राटालासुद्धा नुसत्या सैनिकांवर भागवता आलं नाही!

"अहो बाई, किल्ला म्हटला की लढाईच," असं एका पालकानं मला ऐकवलं. मी म्हणते, मुळीच नाही. रामचंद्रपंत अमात्यांचं आज्ञापत्र उघडा. दुर्गाच्या प्रकरणात त्यांना पाण्याची, साठ्याची, झाडांची काळजी तलवारीइतकीच आहे. रायगडावर एका बुरुजाला हिरकणीचं नाव आहे. ती गोष्ट कोणाची? दूध विकायला आलेल्या गवळणीची. ती गवळणच आपण पोरांच्या रायगडावरून उतरवली.

आता दोष फक्त कारखानदाराचा म्हणून मोकळी होणार होते, पण तसं करता येत नाही. पंचवीसेक वर्षांपूर्वी एका किल्ला स्पर्धेला मी परीक्षक होते. वाडीवरच्या एका पोरानं ओढ्याच्या मातीचा किल्ला केला होता. विकतचं एकही चित्र नाही, सगळी हातानं वळलेली, ओबडधोबड, काडीनं टोचलेले डोळे. दरवाजापाशी त्यानं डोक्यावर मोळी घेतलेली बाई ठेवली होती. मी विचारलं, "किल्ल्यावर मोळीवाली कशाला रे?" तो म्हणाला, "मग बाई, भाकरी कशावर भाजायची?"

मी हसले आणि कागदावर शेरा लिहिला: विषयांतर. पहिला नंबर दिला तो विकतच्या, चकचकीत मावळ्यांच्या किल्ल्याला. पुढच्या वर्षी त्या पोरानं किल्ला केला नाही. का, ते मी विचारलंही नाही. कार्यानुभवाचे तास घेणारी मी! अख्ख्या स्पर्धेत विषय कळला होता तो त्या एकट्याला.

तेव्हा स्पर्धा भरवणाऱ्यांना माझं सांगणं आहे, नियम बदला. महाराज खुशाल विकत आणा, पण निदान पाच चित्रं मुलांच्या हातची हवीत आणि त्यात एकही सैनिक नको. मुलांना विचारू द्या, गडावर पाणी कोण भरत होतं, दळत कोण होतं, घोड्याला वैरण कोण आणत होतं. वेळ नाही ही सबब सांगू नका. माती भिजवायला एक संध्याकाळ पुरते. आणि कुंभाराकडे हातानं आखलेला वाणी दिसला तर भाव न करता घ्या, म्हणजे पुढच्या वर्षी तो गवळणही करील.

असो. यंदा आमच्या अंगणात मोळीवाली मी स्वतः करणार आहे. हात आता थोडा कापतो, डोळे तिरके येतील. येऊ देत.